कराने रंगवलेली बियर

इंग्लिश लेखक विल्यम कॉबेटचा चहावर भयंकर राग होता. मजुरांनी घर कसं चालवावं हे सांगणारं ‘कॉटेज इकॉनॉमी’ हे पुस्तक त्याने १८२१-२२ मध्ये भागाभागांनी छापलं. पाव, गाय, डुक्कर, कोंबड्या असं सगळं त्यात आहे, पण सुरुवात बियरपासून. चहाने बाईचा वेळ जातो, सरपण जातं, पुरुषाची ताकद जाते आणि चहाच्या टेबलावरच्या गप्पांनी पोरी वाईट वळणाला लागतात, असं त्याचं ठाम मत. मी सांगलीची, चहावर वाढलेली. इंग्लंडमधल्या गेट्सहेडच्या वाचनालयात हे पान वाचताना मला हसू आवरेना. मग त्याने मांडलेला हिशेब वाचला. वर्षभराच्या चहाला, साखरेला आणि सरपणाला मजुराच्या घरात काय खर्च येतो आणि तेवढ्यात किती बियर होते, हे त्याने पैन् पै लिहून काढलं आहे. आपल्या भागात चाळीस वर्षांपूर्वी घरची बियर नाही असं मजुराचं घर शोधून सापडलं नसतं, असंही तो सांगतो. तो फार्नमचा. तिथे बियरला कडवटपणा देणाऱ्या हॉप्सचे मळे होते, बाप शेतकरी आणि खानावळवालाही. त्यामुळे हे ऐकीव नसावं.

मग ती बियर गेली कुठे? कॉबेट चहाला शिव्या घालतो, पण त्याला खरा चोर माहीत आहे आणि तो त्याचं नावही घेतो: माल्टवरचा कर.

सातू भिजवायचे, मोड आणायचे, मग भट्टीवर वाळवायचे, की झाला माल्ट. इंग्लंडमध्ये या माल्टवर १६९७ पासून कर होता. घरी प्यायला बियर करणाऱ्याला बियरवरचा वेगळा कर भरावा लागत नसे, विकणाऱ्यालाच तो होता. म्हणून गावोगावी घरची बियर टिकली. पण नेपोलियनशी युद्ध पेटलं तसा माल्टवरचा कर तिपटीहून जास्त झाला. ज्याच्याकडे मोठी चूल, तांब्याचं भांडं आणि रोख पैसा होता, त्या जमीनदाराच्या घरात बियर होतच राहिली. बियरवरचा कर वाचत असल्यामुळे त्याला ती स्वस्तच पडे. झोपडीतल्या बाईला मात्र माल्ट विकत घेणं परवडेना. १८३० मध्ये सरकारने बियरवरचा कर काढून टाकला आणि गुत्ते वाढले. माल्टवरचा कर तसाच राहिला. म्हणजे विकतची बियर स्वस्त झाली आणि घरची होती तिथेच राहिली.

‘झोपडीतल्या बाईला’ असं मी लिहिलं ते मुद्दाम. पाव आणि बियर ही कामं चुलीजवळची, म्हणून बायकांची होती. एकाच माल्टातून आधी कडक बियर काढायची, मग त्याच चोथ्यावर पुन्हा गरम पाणी ओतून पातळ ‘स्मॉल बियर’ काढायची, ती पोरांनाही चालायची. या धंद्यात पुरुष आले ते पिंपं मोठी झाल्यावर.

आता रंगाकडे येते. कारण ही कहाणी तपकिरी बियरची आहे आणि तो तपकिरी रंगही सरकारी हिशेबातूनच आलेला आहे.

अठराव्या शतकात लंडनची पोर्टर बियर तपकिरी माल्टाची असे. हा माल्ट हर्टफर्डशरमधल्या वेअर गावाकडे लाकडाच्या जाळावर झटपट भाजत. त्याला धुराचा वास यायचा, रंग गडद यायचा आणि भावही बेताचा होता. मग ब्रुअरांच्या, म्हणजे बियर करून विकणाऱ्यांच्या, हाती हायड्रोमीटर आला. जॉन रिचर्डसन नावाच्या ब्रुअरने १७८४ मध्ये या उपकरणावर पुस्तकच लिहिलं. माल्टाचा गोड अर्क, ज्याला इथे वर्ट म्हणतात, त्यात हे काचेचं किंवा पितळेचं उपकरण तरंगत ठेवायचं. ते जितकं वर राहील तितकी साखर जास्त. तोवर सगळे तपकिरी माल्ट स्वस्त समजत होते. मोजल्यावर कळलं की फिका माल्ट महाग असला तरी साखर इतकी जास्त देतो की अंती तोच स्वस्त पडतो. त्यात माल्टवर कर मापाने, त्यातून साखर किती निघते याच्याशी त्याला काही घेणं नाही. मग कमी साखरेच्या माल्टवर कर कोण भरेल? ब्रुअर फिक्या माल्टाकडे वळले.

पण गिऱ्हाईकाला पोर्टर काळीच हवी होती. मग ब्रुअर जळकी साखर घालू लागले. काहींनी त्याहून वाईट गोष्टी घातल्या. फ्रेडरिक अॅकमने १८२० मध्ये भेसळीवर पुस्तक लिहून खळबळ उडवली. त्यात ‘कॉक्युलस इंडिकस’ येतो. ही आपली काकमारी, जिच्या बिया पाण्यात टाकून मासे गुंगवतात. हे फळ हिंदुस्थानातून जहाजाने जायचं आणि लंडनच्या बियरमध्ये पडायचं, कमी माल्टात जास्त झिंग यावी म्हणून! उलट दिशेला, मुंबईच्या गोऱ्या पलटणींसाठी पिंपंच्या पिंपं पोर्टर यायची. हिंदुस्थानची म्हणून आयपीए (इंडिया पेल एल) एवढी गाजली, पण ती साहेबांची. साध्या शिपायाच्या वाट्याला ही तपकिरीच.

१८१६ मध्ये कायदा झाला की बियरमध्ये माल्ट आणि हॉप्स यांखेरीज काही घालायचं नाही, रंगसुद्धा नाही. लगेच पुढच्या वर्षी, १८१७ मध्ये, डॅनियल व्हीलरने पेटंट घेतलं. कॉफी भाजतात तसं फिरतं लोखंडी पिंप, त्यात माल्ट भाजायचा, पार काळा होईपर्यंत. असा मूठभर माल्ट हंडाभर फिक्या बियरला रंग देतो, आणि तो माल्टच असल्यामुळे कायद्यातही बसतो. आज घरी ब्राऊन एल, म्हणजे तपकिरी बियर, करताना मी जो चॉकलेट माल्ट आणि जो क्रिस्टल माल्ट घालते, ती याच पिंपाची पोरंबाळं. आजचा ‘ब्राऊन माल्ट’सुद्धा पिंपातच भाजतात. वेअरच्या जुन्या माल्टात स्वतःची साखर स्वतः करण्याची ताकद शिल्लक असे. आजच्यात ती नाही, फिक्या माल्टाचा हात धरल्याशिवाय त्याचं चालत नाही.

या बियरला ‘नट ब्राऊन’ म्हणतात तो रंग हेझलनटच्या टरफलाचा. हा शब्द कवी मिल्टनच्या काळातही होता आणि त्यात नट पडत नव्हते. चव मात्र खरोखर नटसारखी लागते, आणि ती येते भाजण्यातून. धान्यातली साखर आणि प्रथिनं तापली की जी प्रक्रिया होते, तिचं वर्णन लुई कमिय मायार या फ्रेंच वैद्यक-रसायनज्ञाने १९१२ मध्ये केलं. मी इथल्या एका इस्पितळाच्या प्रयोगशाळेत नोकरी केली, त्यामुळे मला त्याचं नाव आधी ठाऊक झालं आणि बियर नंतर. पण पहिल्यांदा ओव्हनमध्ये माल्ट भाजला तेव्हा मायार आठवला नाही, थालीपिठाची भाजणी आठवली. तोच वास. १५० अंशांवर वीसएक मिनिटं, मधूनमधून हलवत. मग कागदी पिशवीत भरून दोन आठवडे नुसता ठेवायचा, म्हणजे त्यातला उग्रपणा निघून जातो आणि खमंगपणा उरतो. या दोन आठवड्यांची घाई करणाऱ्यांची बियर जळकट लागते.

पंतप्रधान ग्लॅडस्टनने १८८० मध्ये माल्टवरचा कर अखेर काढला आणि तो तयार वर्टवर, त्याच्या घनतेवर बसवला. ब्रुअर खूश. पण करवसुली हायड्रोमीटरवर आली, तेव्हा घरोघरच्या हंड्यात कोण डोकावणार? म्हणून घरी बियर करणाऱ्याला परवाना सक्तीचा केला. कॉबेटच्या मजुराच्या हयातीत करामुळे बरीचशी घरची बियर गेली होती, उरलीसुरली या परवान्याने गेली.

तपकिरी एल मधल्या काळात नावापुरतीही दिसत नव्हती. ती परत आली ती बाटलीतून. लंडनमध्ये व्हाइटचॅपल रोडवर मॅन, क्रॉसमन अँड पॉलिन यांची अल्बियन ब्रुअरी होती. त्यांनी १९०२ च्या सुमारास बाटलीबंद मॅन्स ब्राऊन एल बाजारात आणली. गोड, गडद आणि अगदी हलकी. आजही ती मिळते आणि तिच्यात अल्कोहोल तीन टक्क्यांच्याही आत. मला ती सरबतासारखी वाटते. पण त्या काळात गुत्त्यातली पिंपातली बियर बऱ्याचदा आंबून गेलेली असे, तिथे झाकणबंद गोड बाटलीला भाव येणारच.

उत्तरेकडची ब्राऊन एल वेगळी: कोरडी, कडक, तांबूस. तिचा जन्म आमच्या टाइन नदीपलीकडे न्यूकॅसलला झाला. कर्नल जिम पोर्टर या ब्रुअरने, रसायनज्ञ आर्ची जोन्सला हाताशी धरून, तीन वर्षं खटपट केली आणि एप्रिल १९२७ मध्ये न्यूकॅसल ब्राऊन बाजारात आली. पुढच्याच वर्षी लंडनच्या ब्रुअरांच्या प्रदर्शनात तिला बक्षिसं मिळाली आणि बाटलीवर ती पदकं झळकू लागली. निळ्या ताऱ्याची पाच टोकं म्हणजे कंपनीत एकत्र आलेल्या पाच ब्रुअऱ्या. सुरुवातीला लोक ती इतकी प्यायले की कोठड्या भरल्या आणि पोलिसांनी बियर जरा पातळ करायला सांगितलं, अशी दंतकथा टाइनकाठी अजून सांगतात. कुत्र्याला फिरवून आणतो असं बायकोला सांगून नवरे बाहेर पडायचे, म्हणून बियरचं नावच ‘डॉग’ पडलं. ही बियर अर्ध्या पाइंटच्या ग्लासात थोडी थोडी ओतून प्यायची इथली रीत आहे. सबंध बाटली एका मोठ्या ग्लासात ओतणारा पाहुणा लगेच ओळखू येतो.

ही सगळी माहिती मला शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी पुरवली. ते जहाजकारखान्यातले फिटर. त्यांनी मला बियर शिकवली आणि मी त्यांना पोहे शिकवले. माझा जास्त फायदा झाला.

त्यांच्या गॅरेजमधला हंडा म्हणजे प्लॅस्टिकची कचरापेटी. नवी घेतलेली, कचरा कधी न पाहिलेली. यामागेही कायदा आहे. एप्रिल १९६३ च्या अंदाजपत्रकात रेजिनाल्ड मॉडलिंग या अर्थमंत्र्याने घरगुती बियरचा परवाना रद्द केला. त्यातून सरकारला मिळत होतं ते नगण्य. ८३ वर्षांनी हंडा मोकळा झाला. परवाना गेला, पण बियर कशी करतात हे ठाऊक असणाऱ्या आज्या तोवर गेल्या होत्या. मधे दोन-तीन पिढ्या गाळल्या गेल्यावर कोण कुणाला शिकवणार? मग पुस्तकं आणि डबे आले. सी. जे. जे. बेरी यांची छोटी पुस्तकं आली. सत्तरच्या दशकात बूट्स या औषधांच्या दुकानात खोकल्याच्या औषधाशेजारी माल्टच्या अर्काचे डबे मिळू लागले. डबा कचरापेटीत ओतायचा, किलोभर साखर आणि गरम पाणी घालायचं, यीस्ट भुरभुरायचं आणि गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात ठेवून द्यायचं, टॉवेलांच्या सोबतीला. शेजारचे गृहस्थ सांगतात, ती बियर पातळ आणि सायडरसारखी लागायची, पण निम्म्याहून कमी पैशात व्हायची आणि तेवढं पुरे होतं. बाटलीत साखर जास्त पडली तर रात्री कपाटात स्फोट.

हे सुधारलं ते डेव्ह लाइनमुळे. साउदॅम्प्टनकडचा हा विजेचा इंजिनियर. त्याने बादलीला किटलीचं एलिमेंट बसवून घरात डब्याऐवजी खऱ्या धान्याची बियर करता येईल असं साधन सुचवलं. १९७४ मध्ये त्याचं ‘बिग बुक ऑफ ब्रूइंग’ आलं आणि १९७८ मध्ये दुकानातल्या बियरच्या नकला कशा करायच्या याचं पुस्तक. न्यूकॅसल ब्राऊनची कृतीही त्यात आहे. माझ्याकडची प्रत शेजाऱ्यांची, माल्टच्या डागांनी कडक झालेली. लाइन फार लवकर, चाळिशीच्या आतच गेला.

आज आम्ही करतो ती नट ब्राऊन अशी. २३ लिटरसाठी मॅरिस ऑटर जातीचा फिका माल्ट ४ किलो, क्रिस्टल ३०० ग्रॅम, ओव्हनमध्ये भाजलेला माल्ट पाव किलो आणि चॉकलेट माल्ट १०० ग्रॅमच्या वर नाही. नाहीतर कॉफी लागते. ६७ अंशांच्या पाण्यात तासभर भिजवायचं. त्याहून थंड ठेवलं तर बियर कोरडी होते, आणि या चवीला थोडा गोडवा मागे उरावा लागतो. मग उकळी, फगल्स जातीचे हॉप्स ४० ग्रॅम, तेही सुरुवातीलाच. या बियरमध्ये हॉप्सनी दाराबाहेर उभं राहायचं असतं. यीस्ट इंग्लिश, १९ अंशांवर. बाटल्या तपकिरी काचेच्याच. न्यूकॅसल ब्राऊनची बाटली पारदर्शक आहे, दिसते देखणी, पण उजेड लागला की हॉप्समधले घटक फुटून स्कंकच्या वासाचं रसायन तयार होतं.

कारखान्यातल्या ब्राऊनचं पुढे काय झालं ते थोडक्यात सांगते, कारण त्यात मोठं काही नाही, नुसता वैताग आहे. २००० साली तिला युरोपचं भौगोलिक संरक्षण मिळालं: न्यूकॅसलमध्ये झाली तरच ती न्यूकॅसल ब्राऊन. २००५ मध्ये मालकांनी शहरातली टाइन ब्रुअरी बंद करून काम नदीच्या या काठाला, गेट्सहेडला आणलं. आता ती न्यूकॅसलची राहिली नाही, म्हणून ते संरक्षण रद्द करा असा अर्ज खुद्द मालकांनाच करावा लागला. २०१० मध्ये तीही ब्रुअरी बंद झाली आणि बियर यॉर्कशरमधल्या टॅडकास्टरला गेली. २०१७ मध्ये अमेरिकेसाठीची बियर नेदरलँड्समध्ये होऊ लागली. आमच्या गॅरेजात होते ती आता या नदीकाठची ब्राऊन. हे मी गमतीने म्हणते, शेजारी मात्र गंभीरपणे म्हणतात.

टॅडकास्टरला आधीपासून एक वेगळी ब्राऊन होतीच. सॅम्युअल स्मिथची ब्रुअरी १७५८ ची. विहीर त्याच काळातली, पाणी चुनखडीचं जड. बियर आंबते ती दगडी पाट्यांच्या चौकोनी हौदांत, ‘यॉर्कशर स्क्वेअर’मध्ये. त्यांच्या नट ब्राऊन एलने खरा प्रवास केला तो सत्तरच्या दशकाच्या शेवटी, अटलांटिकपलीकडे. सिअॅटलच्या चार्ल्स फिंकेलने ती अमेरिकेत आणली, नेमकी योग्य वेळी. दारूबंदी १९३३ मध्ये उठली तेव्हा घरी वाइन करायला मुभा मिळाली, बियर राहून गेली. ती चूक ऑक्टोबर १९७८ मध्ये जिमी कार्टरच्या सहीने दुरुस्त झाली: एकट्या प्रौढाला वर्षाला १०० गॅलन, दोघे किंवा जास्त असतील तर घराला २००. तरी राज्यांना आपापला कायदा ठेवायची मोकळीक होतीच. पीट स्लॉसबर्ग या कॅलिफोर्नियातल्या हौशी माणसाने घरी सॅम्युअल स्मिथची नक्कल करायला घेतली. ती जमली नाही, पण जे झालं ते लोकांना आवडलं आणि त्यातून १९८६ मध्ये ‘पीट्स विकेड एल’ निघाली. एके काळी ती अमेरिकेतल्या छोट्या ब्रुअरांच्या बियरमध्ये आघाडीवर होती. २०११ मध्ये बंदही झाली.

अमेरिकनांना मात्र नुसत्या चवीने समाधान होईना, त्यांनी खरेच नट घातले. ओरेगॉनमधली रोग ब्रुअरी हेझलनटचा अर्क घालायची. तेल ही खरी अडचण. नटातलं तेल बियरवरचा फेस मारतं आणि काही आठवड्यांत खवट होतं. म्हणून घरी करणारे नट भाजतात, कागदावर दाबून तेल टिपतात, पुन्हा भाजतात. नाहीतर व्होडकात भिजवून तेवढाच अर्क बाटलीत घालतात. मी हेझलनट भाजून माल्टाबरोबरच भिजवून पाहिले. वास घरभर, चव जेमतेम. शेजाऱ्यांनी एक घोट घेतला आणि नट ख्रिसमसला खायचे असतात असं सांगितलं. शिवाय नटची अॅलर्जी असलेला पाहुणा आला तर बाटलीवर चिठ्ठी नसली की संकट. तेव्हापासून आम्ही भाजलेल्या माल्टावरच भागवतो.

मिसिसिपी राज्यातल्या किल्न या गावी लेस्ली हेंडरसन आणि तिचा नवरा मार्क यांनी लेझी मॅग्नोलिया ही ब्रुअरी काढली. त्यांची ‘सदर्न पेकन’ अख्खे भाजलेले पेकन माल्टासारखे वापरून केलेली नट ब्राऊन आहे. ती त्या राज्यात दुकानातून विकत घेता येत होती. तीच आपल्या स्वयंपाकघरात करणं मात्र जुलै २०१३ पर्यंत तिथे बेकायदा होतं.

माझी आत्या मिरजेची. फोनवर हे ऐकून म्हणाली, “अगं, याला आपल्याकडे हातभट्टी म्हणतात!” मी तिला समजावलं की मी गाळत नाही, नुसती आंबवते आणि गाळणं इथेही गुन्हाच आहे. तिला तो फरक पटला नाही. महाराष्ट्राच्या १९४९ च्या दारूबंदी कायद्यालाही तो पटत नाही. पुण्यात २००९ मध्ये डूलाली या ब्रुअरीत ताजी बियर मिळू लागली, मागाहून तशा जागा वाढल्याही. पण परवान्याशिवाय घरात एक हंडा आंबवला तर तो गुन्हा. “मग तू इकडे आलीस की ते नको,” आत्या म्हणाली, “चहा कर.”